उंबरपाड्याचं बेट

उंबरपाडा सकाळी पाडा होता, दुपारी बेट झाला. मधे एक ग्रामसभा झाली आणि माणशी दोन वडापाव, बाकी काही नाही.

बेट म्हणजे काय हे पाड्याच्या बत्तीस घरांत कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा जुना पाडा पाण्याखाली गेला आणि माणसं भांडीकुंडी, कोंबड्या, देव घेऊन वर टेकडावर सरकली. तेव्हापासून तीन अंगांना पाणी, चौथ्या अंगाला जंगल. जंगलातून डांबरी सडक गाठायची तर अकरा किलोमीटर दगडधोंडे. पाण्यावरून पलीकडचा काठ गाठायचा तर इंदुबाईची होडी, पाव तास. पलीकडे टमटम उभी असते, ती बदलापूरला सोडते. शाळेतली पोरं, दुधाचे कॅन, तापाने फणफणलेली म्हातारी माणसं, अंबरनाथ एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारे आठ जण, सगळा भार ह्या एका होडीवर. इंदुबाईच्या नवऱ्याने ती बांधून घेतली आणि दुसऱ्याच वर्षी तो गेला. मग वल्हं हिने हातात घेतलं. सहा वर्षांत तिने माणूस तर सोडाच, अंड्याची पाटीसुद्धा पाण्यात पडू दिली नव्हती. तोंड मात्र फाटकं. होडीत बसलेला माणूस काठ येईपर्यंत उठून जाऊ शकत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

तर आश्विनात, धरण काठोकाठ भरलेलं असताना, विनीत नावाचा एक गृहस्थ आला. तिशीचा, विमान कंपनीचा मॅनेजर, राहायला बदलापूरच्या कात्रपला नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर. हे सगळं त्याने होडीत बसल्या बसल्या स्वतःच सांगितलं, विचारलं कुणी नव्हतं. डोक्याला टोपी, हातात टॅब आणि डोक्यावर घूं घूं करणारं ड्रोन. बरोबर राजूभाऊ. राजूभाऊ म्हणजे बदलापूरचे पुढारी. त्यांचा फोटो नाही असा विजेचा खांब पूर्वेलाही नाही आणि पश्चिमेलाही नाही.

"बाप रे, चारी बाजूंनी पाणी!" विनीत म्हणाला. "मावशी, हे तर आयलंडच आहे."

"पावसाळा आत्ता सरलाय बाबा. पाणी नाय तर काय दही असल?" इंदुबाई म्हणाली.

विनीत हसला आणि टॅबवर काहीतरी लिहून घेतलं. नको ते लिहून घ्यायची ह्या लोकांना भारी हौस.

योजना अशी होती. लहान गावं, आडवळणाच्या वस्त्या आणि बेटं विमानाने जोडायची. विमान पाण्यावर उतरणारं, नऊ आसनांचं, निम्म्या तिकिटाचा भार सरकारवर. पण जोडायला आधी बेट हवं ना! समुद्रातली बेटं लांब आणि तिथली मतं दुसऱ्याच्या खिशात. राजूभाऊंना बेट हवं होतं ते आपल्या मतदारसंघात, आणि शक्यतो निवडणुकीच्या आत. गरज पडली की माणूस गाढवाला बाप म्हणतो, इथे टेकडाला बेट म्हणायचं होतं, एवढंच.

ग्रामसभेत राजूभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्हाला कुणी रस्ता दिला नाही. मी तुम्हाला आकाश देतो!"

टाळ्या पडल्या. रेल्वेतून रिटायर झालेले सुदामदादा तेवढे उठले आणि म्हणाले, "भाऊ, आकाश राहू द्या बाजूला. आपल्या रस्त्याच्या अर्जाचं काय झालं?"

"सुदाम, अरे बेटाला रस्ता कुठे असतो?" राजूभाऊ म्हणाले, आणि सगळे हसले. सुदामदादा खाली बसले.

मग कागद फिरला. आम्ही खाली सह्या करणारे उंबरपाडा बेटाचे रहिवासी, असं त्यावर लिहिलेलं. पहिली सही इंदुबाईची. तिच्या वयाच्या बायकांचे अंगठे, हिची मात्र सही, याचा तिला केवढा तोरा! आणि खरं कारण वेगळंच. विनीत म्हणाला होता की काठाला धक्का बांधणार, पायऱ्या करणार, लोखंडी कठडा लावणार. इंदुबाईच्या डोळ्यांपुढे तिची होडी त्या धक्क्याला लागलेली उभी राहिली. म्हाताऱ्या माणसांना चिखलातून उचलून घ्यावं लागणार नाही, सगळे कसे ऐटीत पायरीवरून होडीत बसतील. जगाला शहाणपण शिकवणारी बाई, पण पायरीला भुलली. नंतर तिने स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

धक्का आला. निळ्या प्लास्टिकच्या डब्यांचा, पाण्यावर तरंगणारा. त्याच्या मागे काठावर काचेची खोली, तिला एसी. पाड्यात वीज दिवसाला सहा तास, पण खोलीला जनरेटर. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा. आणि दिवाळी झाल्यावर चौथ्या दिवशी खोलीबाहेर पाटी लागली. हा सगळा पाण्याचा पट्टा आता विमानाची धावपट्टी, म्हणून इथे मासेमारी, पोहणं, गुरं आणणं आणि होडी चालवणं मना.

इंदुबाईला सहीपुरतंच यायचं, म्हणून तिने सुनेकडून पाटी दोनदा वाचून घेतली. सून वैष्णवी, अंबरनाथला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला, कंत्राटावर. पहिली पाळी सातची.

"होडी मना म्हंजे?" इंदुबाईने विनीतला गाठलं. "मंग माणसं जातील कशी?"

"मावशी, सेफ्टीचा प्रश्न आहे. विमान उतरताना मधे होडी आली तर? आणि तुम्हाला गैरसोय नको म्हणून दोन सीट सवलतीच्या ठेवल्यात, फक्त बेटवासीयांसाठी."

"इमान जानार कुठं?"

"मुंबई. तिकडून पुढे कोकणात."

"आमाला जायाचं बदलापूरला. थितं उतरल?"

"बदलापूरवरून जाईल ना. वरून दिसेल तुम्हाला."

"वरून बघून काय करू? हापिसातला दाखला वरून टाकतील?" इंदुबाई म्हणाली. "आणि काय रं, ह्या पाण्यात म्हस धुतली तर तुमी दंड लावता, पिण्याचं पाणी म्हणून. आता इमान धुवायचं ते चालल?"

विनीतने टॅब उघडून तिला विमानाचं चित्र दाखवलं, म्हातारी गप्प बसेल म्हणून. विमानाच्या पोटाखाली चाकांच्या जागी दोन लांबुळक्या होड्या. इंदुबाईने ते चित्र नीट बघितलं.

"वा रे वा! माझी एक होडी मना, आणि ह्याच्या पायात दोन दोन!"

विनीतने त्याला उत्तर दिलं ते साखळीने. दुसऱ्या दिवशी होडी ओढून काचेच्या खोलीमागे उन्हात उपडी घातली, लोखंडी साखळी गुंडाळली आणि कुलूप लावलं. किल्ली बदलापूरच्या ऑफिसात.

मग पाड्याचे हाल कुत्रा खाईना. पोरांची शाळा सुटली ती सुटलीच. दुधाचे कॅन घेऊन जाणाऱ्याने म्हशी विकल्या. पहिल्या पाळीचे आठ होते त्यांतले पाच जण अंबरनाथला खोली घेऊन राहिले. उरलेल्या तिघांत वैष्णवी, कारण घरात सासू आणि पाच वर्षांचा पोर. ती जंगलातून अकरा किलोमीटर चालायची. आठवड्यातून दोनदा तरी उशीर व्हायचा. सुपरवायझरने स्पष्ट सांगितलं, जूनमध्ये नवीन कंत्राट, त्यात वेळेवर येणारी माणसं घेणार, बाकीच्यांनी घरी बसावं. वैष्णवी हे सांगताना रडली नाही, पण तिने ताटातली भाकरी अर्धी ठेवली. इंदुबाईला ते बघवेना. आपल्या सहीने हे झालं, हे तिला आतून खात होतं आणि ती राग काढायची कोंबड्यांवर.

आता उद्घाटन. ते आधी डिसेंबरात होतं. राजूभाऊंना वेळ नव्हता. मग फेब्रुवारीत होतं, मुंबईच्या मोठ्या साहेबांना वेळ नव्हता. मोठे साहेब म्हणजे ज्यांच्या सहीने ही योजना हलते ते. पुढे ढकलत ढकलत तारीख गेली मे महिन्याच्या मध्यावर.

इंदुबाई त्या दिवशी मोठ्याने हसली, चार महिन्यांत पहिल्यांदा.

धरणाचं पाणी कसं उतरतं हे पाड्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. त्याला कॅलेंडर लागत नाही. होळीला जुन्या देवळाची शेंडी वर निघते. चैत्रात चिंचेचं खोड दिसायला लागतं. वैशाखात विहिरीचा काठ पाण्याला येतो, मग पंधरा-वीस दिवस जुन्या पाड्याच्या रस्त्याने कमरेइतक्या पाण्यातून पलीकडे जाता येतं. उघड्या पडलेल्या गाळात बायका काकड्या लावतात. पाऊस धरला की परत सगळं पोटात घेऊन धरण भरतं.

"साहेब, तुमचा धक्का चिखलात बसनार," तिने विनीतला सांगितलं. "वैशाखात इथं पाणी ऱ्हात नाय."

"मावशी, आमच्याकडे डेटा आहे. इथे अठरा फूट पाणी आहे."

"कवाचं?"

"ऑक्टोबरचं."

गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय! एप्रिल संपता संपता निळा धक्का चिखलावर तिरका होऊन पडला. कंपनीने त्याला पुढे आणखी डबे जोडले. पाणी आणखी मागे गेलं. आणखी डबे आले. डबे संपले, पाण्याचं मागे जाणं संपेना.

उद्घाटनाच्या आठ दिवस आधी एक माणूस जंगलाच्या वाटेने जीप घेऊन आला आणि कुणाला काही न सांगता पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरला. इंदुबाई काकड्यांना पाणी घालत होती. तिला वाटलं, मासेमारीला आलाय.

"मावशी, नमस्ते. मी कमलेश. वो विमान मीच आणणार," तो म्हणाला. उल्हासनगरचा सिंधी, चार नंबर कॅम्पातला, मराठीत हिंदी कालवून बोलणारा. "ये नीचे काय काय आहे, जरा सांगता का? झाड, पत्थर, कुछ भी."

सात महिन्यांत तिला हे विचारणारा हा पहिला माणूस. इंदुबाईने हातातलं डबडं खाली ठेवलं आणि त्याला सगळं दाखवलं. ती देवळाची शेंडी, ते चिंचेचं खोड, ती विहीर, काठ ढासळलेला, आत चाळीस फूट खोल. आणि मधून गेलेला जुना बैलगाडीचा रस्ता, खडी घातलेला, अजून घट्ट. बाकी सगळीकडे मांडीपर्यंत गाळ. कमलेशने वहीत नकाशा काढला, तिला दाखवला, चूक होती ती तिने बोटाने सांगितली.

"बारा साल मी असलंच विमान उडवलं, समुद्रातल्या बेटांवर," तो म्हणाला. "तिकडे विमान म्हणजे आपली एसटी. औषधं, टपाल, परीक्षेचे पेपर, बाळंतीण, सगळं त्यातून. एक दिवस नाही गेलो तर लोक किनाऱ्यावर उभे असायचे, आसमानकडे बघत."

"मंग थितंच ऱ्हायचंस की बाबा. हितं कशाला तडफडलास?"

"आई बिमार होती म्हणून आलो." त्याने वही मिटली. "इथे बाळंतीण कशी नेता?"

"होडीतनं न्यायची. आता होडी हितं मागं साखळीत हाय, बघून जा."

तो बघून आला. जाताना विनीतला फोन लावून एवढंच म्हणाला की तारीख बदला. तारीख बदलायची नव्हती. मग म्हणाला, विमान धक्क्यापर्यंत येणार नाही, मधे थांबवीन, माणसं न्यायला बोट ठेवा. विनीतने ते ऐकलं. बदलापूरहून ट्रेलरवर एक पांढरी स्पीडबोट आली. तिच्यावरही राजूभाऊंचा फोटो.

तो दिवस उजाडला. मांडव, सनई, पाड्यातल्या बायकांना एकसारख्या साड्या. ऊन असं की काचेच्या खोलीला हात लावला तर चटका. दोन तास उशिराने विमान आलं. खोटं कशाला बोला, उतरलं मात्र देखणं. लांब मोठ्या पाण्यात टेकलं, मग बदकासारखं हळूहळू आत येत जुन्या रस्त्याच्या अंगाला, विहिरीच्या पलीकडे थांबलं. कमलेशने इंजिन बंद केलं. पंख्याचा आवाज गेला आणि सगळा पाडा गप्प झाला. इंदुबाईसुद्धा.

मग स्पीडबोट निघाली. वीस हात गेली, पंख्याने गाळ ओढला, फट फट केलं आणि बंद पडली. चालवणारा उतरला तो मांडीपर्यंत रुतला. त्याला काढायला दुसरा गेला, तोही रुतला. विमानात आठ पाहुणे. मोठे साहेब, त्यांच्या बाईसाहेब, राजूभाऊ, कंपनीचे मालक, बाकीचे कॅमेरेवाले. वर सूर्य, आत पत्रा. परत उडून जायचं तर तेल हवं. तेलाचं पिंप धक्क्यावर आणि धक्का चिखलात.

विनीतचा फोन वाजला. राजूभाऊ आतून काय बोलत होते ते मांडवातल्या शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. विनीतचा चेहरा उतरला. तो धावत इंदुबाईकडे आला.

"मावशी, होडी काढा. प्लीज. तुमची होडी चपटी आहे, ती जाईल."

"किल्ली?"

किल्ली बदलापूरला. विनीतने स्वतः दगड घेतला आणि कुलूप फोडलं, चौथ्या घावाला तुटलं. चौघांनी होडी सुलटी केली. इंदुबाईने तिच्या फळ्यांवरून हात फिरवला. सहा महिने उन्हात पडून फळ्या आक्रसल्या होत्या. फटींतून पलीकडे उभा विनीत आरपार दिसत होता.

"नाय जायाची," ती म्हणाली.

"का?"

"लाकूड वाळलंय. दोन दिस पाण्यात बुडवून ठेवाय लागल. पाणी पिऊन फुगलं की फटी मिटतात. आत्ता घातली तर तुझं साहेब मधेच तळाला."

"दोन दिवस!" विनीत ओरडलाच. "मावशी, ते लोक आत भाजतायत."

"मंग वाळत कुनी घातली? मी?"

विनीतने हात जोडले. खरंच जोडले, टॅब काखेत धरून. इंदुबाईला वाटलं, भाजू देत. तासभर भाजले तर काय मरत नाहीत. आमची माणसं सहा महिने चालतायत. पण विमानाच्या दारात कमलेश उभा होता आणि आतल्या बाईसाहेबांना बाटलीतलं पाणी देत होता. इंदुबाईने पदर खोचला.

"चालत आनते," ती म्हणाली आणि पाण्यात उतरली.

पुढे जे झालं ते पाड्यात अजून सांगतात. म्हातारी पुढे, काठीने रस्ता चाचपत. मागे मोठे साहेब, हातात बूट. त्यांच्या मागे बाईसाहेब, मग कंपनीचे मालक, मग राजूभाऊ, खादीचा झब्बा पोटापर्यंत भिजलेला, गळ्यातला हार पाण्यावर तरंगणारा. सगळे एकमेकांचे हात धरून, लहान शाळेतल्या पोरांसारखे. कमलेश एकेकाला उतरवून देत होता. आणि इंदुबाई वाट दाखवत बोलत होती, कारण तिला बोलल्याशिवाय चालता येत नाही.

"हितं जपून, हा बनूबाईचा उंबरा. डाव्या अंगाला सखूचं घर, तिचं जातं हितंच ऱ्हायलंय, पायाला लागल. साहेब, तुमी माझ्या चुलीवर उभं हाय, जरा पुढं सरका."

मोठे साहेब घाईघाईने पुढे सरकले. विहिरीपाशी आल्यावर इंदुबाई थांबली.

"काय झालं?" राजूभाऊंनी विचारलं.

"हितं विहीर हाय. काठ ढासळलाय. एक पाऊल चुकलं की चाळीस फूट." तिने काठी पाण्यात रोवली. "साहेब, माझ्या होडीचं काय?"

पाणी कमरेला, ऊन डोक्यावर, काठावर सगळा पाडा आणि मागे कॅमेरे.

"बाई, ही काय जागा आहे का बोलायची?" राजूभाऊ म्हणाले.

"मी कुठं अडवलंय? जावा की पुढं."

कुणीही पुढे गेलं नाही.

"सोमवारपासून तुमची होडी चालू," मोठे साहेब म्हणाले. "मी सांगतो. मी स्वतः आदेश काढतो."

"आईशप्पथ, मी पाठपुरावा करतो," राजूभाऊ म्हणाले.

"आईला कशाला पाण्यात वढतोस? तुझा तू बोल."

"मी करतो," राजूभाऊ हळूच म्हणाले. इंदुबाईने काठी उपसली आणि सगळ्यांना विहिरीच्या उजव्या अंगाने सुखरूप काठावर आणलं.

भाषण झालं. राजूभाऊ ओल्या पायजम्यात मंचाच्या टेबलामागे उभे राहिले आणि म्हणाले, आज उंबरपाडा आकाशाशी जोडला गेला. वरातीमागून घोडं म्हणतात, इथे तर वरात बुडाली आणि घोडं भाषण करत होतं. तिकडे कमलेशने पाड्यातल्या पोरांना हाताशी घेऊन तेलाचं पिंप जुन्या रस्त्याने तरंगत विमानापर्यंत नेलं आणि रिकामं विमान घेऊन गेला. जाताना पंख हलवला. मोठ्या साहेबांनी जंगलाच्या वाटेने जीपमधून निघण्याआधी सुदामदादांना बाजूला घेतलं.

"हा पाण्यातला रस्ता जातो कुठपर्यंत?"

"थेट पलीकडच्या काठाला, साहेब," सुदामदादा उत्साहाने म्हणाले. "खडीचा आहे. पक्का."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. पाड्यात आनंदाला उधाण आलं. साहेबांनी रस्ता लिहून घेतला! होडी मिळणारच, वर रस्ताही मिळणार! सुदामदादांना दोन दिवस कुणी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

सोमवार आला आणि गेला. दुसरा सोमवार गेला. जून लागला तेव्हा पत्र आलं. इंदुबाईने ते ओट्यावर वैष्णवीकडून वाचून घेतलं, अर्धा पाडा भोवती.

प्रत्यक्ष पाहणीत असं आढळलं की सदर वस्तीस पायी जाण्यायोग्य पारंपरिक रस्ता उपलब्ध आहे. सबब ती बेट या व्याख्येत बसत नाही. सबब विमानसेवा अन्य ठिकाणी हलवण्यात येत आहे. तसेच रस्ता उपलब्ध असल्याने होडी चालवण्यास परवानगी देण्याचं कारण दिसत नाही.

सुदामदादांनी तोंड फिरवलं. पाऊस धरला की तो रस्ता अठरा फूट पाण्याखाली जाणार, हे शेंबड्या पोराला ठाऊक. आश्विनात आलेल्यांनी नुसतं पाणी बघितलं, वैशाखात आलेल्यांनी नुसता रस्ता. वर्षाचे बारा महिने कुणी बघायचे? ते पाड्याने बघायचे.

"आई, सोमवारी नवीन कंत्राटाचा पहिला दिवस," वैष्णवी एवढंच म्हणाली.

इंदुबाई उठली. काचेच्या खोलीमागे गेली, आणि चौघींना हाक मारली.

शनिवारी दुपारी विनीत ट्रॅक्टर घेऊन आला, धक्क्याचे डबे आणि एसी परत न्यायला. टोपी होती, टॅब होता, चेहऱ्यावरचं तेज तेवढं कात्रपला राहिलेलं. होडी जागेवर आहे आणि बंद आहे असा फोटो त्याला अहवालाला जोडायचा होता. खोलीमागे तुटकी साखळी होती, होडी नव्हती.

"मावशी, होडी कुठाय?"

"बुडाली," इंदुबाई काठावर पाय सोडून बसली होती ती म्हणाली.

"अं?"

तिने पाण्याकडे बोट केलं. काठापासून चार हातांवर, छातीभर पाण्याखाली, होडी तळाशी बसली होती. आत दगड भरलेले. फळ्यांतून अजून बारीक बुडबुडे येत होते.

"पण मावशी, परवानगी नाहीये. पत्र वाचलं ना?"

"होडी चालवायला नाय. बुडवाय बंदी कुठं लिवलीय दाखव."

विनीतने खरोखरच पत्र काढलं आणि परत वाचलं. मग तिच्याशेजारी बसला. बूट भिजले तरी त्याने पाय मागे घेतले नाहीत.

"आणि वर कधी येणार?" त्याने विचारलं.

"ते इचारू नको. इचारलंस की तुला लिवावं लागल." इंदुबाई पहिल्यांदाच जरा मऊ बोलली, आणि लगेच सावरली. "तुजं लिवलेलं कुनाला पचत नाय."

विनीतने बुडालेल्या होडीचा फोटो काढला आणि टॅबवर अहवाल भरला. होडी पाण्यात बुडालेली आढळली, वापरात नाही, पुढील कारवाईची आवश्यकता नाही. तो अहवाल बदलापूरहून मुंबईला गेला, मोठ्या साहेबांनी त्यावर सही केली आणि फाईल बंद झाली.

कागदावर ती होडी आजही बुडालेली आहे. वैष्णवी पहिल्या पाळीला रोज वेळेवर पोचते.